पडवीतला उजेड, अंगाचा रंग: वास्तववादी मानवचित्र कसं पाहायचं

प्रदर्शनात एखाद्या चांगल्या वास्तववादी चित्रासमोर माणसं थांबतात आणि पहिलं वाक्य हमखास येतं, "अगदी फोटो काढल्यासारखं!" बोलणाऱ्याच्या मनात कौतुकच असतं. पण चित्रकाराने महिनाभर उभं राहून जे केलं, त्यातलं फार थोडं या वाक्यात येतं. कॅमेऱ्याला समोरचं सगळं सारखंच महत्त्वाचं असतं. चित्रकार मात्र प्रत्येक इंचावर काहीतरी ठरवतो: इथला रंग थंड ठेवायचा, ही कड पुसायची, या हाताला वेळ द्यायचा, त्या पायाकडे दोन फटकाऱ्यांत पाहायचं. असे निर्णय ओळखता आले की चित्र पाहण्यात खरी गोडी येते. ते कोणत्या क्रमाने शोधायचे, ते इथे सांगतो.

एक गोष्ट आधीच मांडतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. माणसाच्या अंगाचा रंग कुठल्याही ट्यूबमध्ये मिळत नाही. गालावर दिसणारा रंग निम्मा त्या गालाचा असतो आणि निम्मा त्या जागेतल्या उजेडाचा. कोकणातला उजेड आपण रोज अंगावर घेतो, त्यामुळे इथे रंगवलेलं चित्र वाचण्याची निम्मी तयारी आपली झालेलीच असते.

मुद्दे हवेत राहू नयेत म्हणून एक चित्र मनाशी धरू. ते मी या लेखापुरतं रचलेलं आहे, पण या जातीची चित्रं आपल्याकडच्या प्रदर्शनांत नेहमी दिसतात. कॅनव्हासवर तैलरंग, चार फूट रुंद, तीन फूट उंच. चैत्रातली दुपार. पडवीत पाटावर बसलेली पन्नाशीची बाई ओल्या काजूबिया चिरून गर काढते आहे. डावीकडे उन्हाने भरलेलं, शेणाने सारवलेलं खळं. तिच्या डोक्यामागे माजघराचं काळोखं दार. गर्द हिरवं लुगडं, पुढ्यात बियांची टोपली, स्टीलच्या ताटलीत पांढरे गर. काजूच्या चिकाने तिची बोटं काळी पडली आहेत आणि चीक भाजू नये म्हणून तिने हाताला राख चोळली आहे.

जाण्याआधी थोडंसं

शक्यतो सकाळी किंवा उद्घाटनाची गर्दी ओसरल्यावर जा. सोबत पोस्टकार्डाएवढा राखाडी किंवा पांढरा जाड कागद ठेवा आणि त्याला कागद पंच करायच्या मशीनने एक भोक पाडा. एक छोटी वही आणि पेन्सिलही घ्या. चित्राशेजारची चिठ्ठी वाचा, पण माध्यम आणि आकार एवढंच. शीर्षक नंतर वाचलं तर बरं, कारण 'कष्ट' किंवा 'प्रतीक्षा' असं काही आधी वाचलं की डोळे तेच शोधत बसतात.

पहिली पायरी: लांबून आणि डोळे बारीक करून

चित्राच्या उंचीच्या तिप्पट-चौपट अंतरावर उभे राहा, म्हणजे आपल्या चित्रासाठी दहा-बारा फूट. आता डोळे किलकिले करा. बारकावे जातील, रंग मंदावतील आणि उजेड-काळोखाचे मोठे तुकडे उरतील. कलाशाळेतली मुलं याला 'टोन बघणं' म्हणतात. वास्तववादी चित्राचा सगळा भार टोनवर असतो. रंग थोडा इकडेतिकडे झाला तरी चित्र तगतं. टोन चुकला की नाक चेहऱ्यावर चिकटवल्यासारखं दिसतं आणि मागची भिंत पुढे येते.

अल्बर्ट मन्सेल या अमेरिकन चित्रकार-शिक्षकाने १९०५ मध्ये रंगाचे तीन गुण वेगळे करून मांडले: रंगाचं नाव, त्याचा उजळ-गडदपणा आणि त्याची तीव्रता. आपण रंगाबद्दल बोलतो तेव्हा बहुधा पहिल्या गुणाबद्दलच बोलतो. अंगाचा रंग समजून घ्यायला मात्र दुसरा आणि तिसरा जास्त उपयोगी पडतात.

आपल्या चित्रात तीन मोठे तुकडे दिसतील: उजळ खळं, काळोखं दार आणि मधली पडवी. बाई या तिन्हींवर पसरलेली आहे. तिचा उजेडाकडचा गाल काळोख्या दारावर येतो म्हणून उजळ दिसतो. तिचं कोपर आणि गुडघा उन्हाच्या खळ्यावर येतात म्हणून गडद दिसतात. अंग एकच, तरी एका जागी ते पार्श्वभूमीपेक्षा उजळ आणि दुसऱ्या जागी गडद. हे आपोआप होत नाही. बाई कुठे बसवायची हे चित्रकाराने ठरवलं तेव्हाच ते ठरलं. मनातल्या मनात तिला वीतभर डावीकडे सरकवा. डोकं खळ्यावर येईल, गालाचा उजेड विरून जाईल आणि चेहऱ्याच्या जागी नुसती काळसर आकृती उरेल.

फोटो काढायला परवानगी असेल तर मोबाइलवर एक फोटो कृष्णधवल करून पाहा. चित्र तरीही उभं राहिलं तर टोन पक्का आहे असं समजा.

दुसरी पायरी: उजेड कुठून आला?

या पायरीवर घाई करू नका. चित्रातला उजेड कोणत्या बाजूने येतो, किती ठिकाणांहून येतो आणि त्याचा स्वतःचा रंग काय, हे तीन प्रश्न विचारायचे. नाकाची सावली, हनुवटीखालची सावली आणि डोळ्यांतले चमकते ठिपके यांतून उत्तरं मिळतात.

स्टुडिओतल्या चित्रांत उजेड बहुतेक वेळा उत्तरेच्या खिडकीतून येतो: वरून, तिरका, स्थिर आणि थोडा निळसर. उजेड थंड असला की सावल्या उबदार दिसतात. उलट संध्याकाळच्या पिवळ्या उन्हात सावल्या निळ्या-जांभळ्या होतात, कारण सावलीत पोचतो तो आकाशाचा उजेड. हर्णैच्या बंदरावर दिवस कलताना मासळीचा लिलाव चालू असतो, तेव्हा माणसांचे चेहरे पाहा. एक बाजू तांब्यासारखी आणि दुसऱ्या बाजूवर निळसर राखाडी पसरलेली. हा उबदार-थंडाचा खेळ म्हणजे कायदा नव्हे, कल आहे. पण चित्र पाहताना तो दहांतल्या आठ वेळा वाट दाखवतो.

आता आपल्या पडवीत या. पडवीचं छप्पर पुढे उतरतं, त्यामुळे भर दुपारी ऊन आत येत नाही. मग बाईच्या चेहऱ्यावर उजेड येतो कुठून? थोडा खळ्यावरच्या आकाशातून, बाजूने, निळसर. आणि भरपूर उजेड खळ्याच्या जमिनीवर आपटून, खालून वर. सारवलेल्या जमिनीवरून आलेला उजेड तपकिरी-पिवळट असतो. खळ्यात जांभा दगड बसवलेला असेल तर तोच उजेड नारिंगी-लाल होतो. म्हणजे कोकणातल्या पडवीत हनुवटीच्या खालची बाजू, नाकपुड्यांचा तळ, भुवईखालची खोबण या एरवी अंधारात असणाऱ्या जागा उबदार आणि उजळ होतात. कपाळ आणि गालाचा वरचा भाग मात्र थंड राहतो. स्टुडिओतल्या चेहऱ्यावर याच खालच्या जागा गडद राहतात.

म्हणून पडवीतलं चित्र समोर आलं की आधी हनुवटीखाली पाहा. तिथे नुसता गडद तपकिरी रंग भरला असेल तर चित्रकाराने दुसरीकडचा ठरीव छायाप्रकाश आणून इथे लावला आहे. तिथे दबका नारिंगी, मातीचा उजेड असेल आणि तो मानेवरून गळसरीच्या मण्यांखाली उतरत असेल, तर तो त्या पडवीत बसून पाहिलेला आहे. मात्र असा परतलेला उजेड उजेडाकडच्या गालापेक्षा उजळ होता कामा नये. विद्यार्थ्यांची चित्रं बहुधा इथेच फसतात. परतलेल्या उजेडाच्या मोहात सावली इतकी उजळते की गोल चेहरा पत्र्यासारखा सपाट होतो.

पावसाळ्यातलं चित्र असेल तर शोध वेगळा. ढगांतून गाळलेला उजेड सगळीकडून सारखा येतो, सावल्यांना धार राहत नाही आणि पोफळी-माडांची हिरवी झाक अंगावर पडते. अशा उजेडात आकार गोल दाखवायला चित्रकाराला काळोख वापरता येत नाही. थंड-उबदार छटांच्या सूक्ष्म फरकावरच त्याला सगळं काम काढावं लागतं. मला स्वतःला अशी पावसाळी चित्रं रंगवायला सर्वांत कठीण वाटतात, आणि बघणारे त्यांच्यापुढून सर्वांत लवकर निघून जातात. तिथे दुप्पट वेळ थांबा.

तिसरी पायरी: भोकाचा कागद

आता चित्राच्या चार-पाच फुटांवर या. भोकाचा कागद हातभर लांब धरा, एक डोळा मिटा आणि भोकातून बाईच्या कपाळाचा एवढासा तुकडा पाहा. चेहरा दिसत नाही, फक्त रंग दिसतो. आणि तो अंगाचा रंग वाटतच नाही. कपाळावर राखाडी-जांभळा, गालाच्या वळणावर विटकरी, जबड्याखाली नारिंगी-तपकिरी, डोळ्याभोवती मळकट जांभळा, ओठांच्या कडेला तपकिरी वांगी. कागद खाली घेतला की हे सगळे रंग परत मिळून एक सावळा चेहरा होतो. कागद न चुकता न्या असं मी प्रत्येकाला सांगतो. लहान मुलांच्या हातात दिलात तर ती तासभर सोडत नाहीत.

असं का होतं, याचं उत्तर शेजारच्या रंगांत आहे. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगाई खात्याचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेवरल यांच्याकडे विणकरांची तक्रार आली की काळा धागा हवा तेवढा काळा दिसत नाही. त्यांनी तपासलं तेव्हा दोष रंगात नव्हता, शेजारी विणलेल्या धाग्यांच्या रंगात होता. १८३९ मध्ये त्यांनी हे सविस्तर मांडलं: शेजारचे रंग एकमेकांना आपल्या विरुद्ध बाजूला ढकलतात. आपल्या चित्रातलं लुगडं हिरवं आहे ते म्हणूनच. हिरव्याशेजारी सावळं अंग आणखी लालसर, आणखी जिवंत दिसतं. भोकाच्या कागदातून दंड पाहा, मग कागद काढून लुगड्याच्या काठासकट पाहा. तोच रंग वेगळा वाटेल.

सावळं अंग रंगवण्याबद्दल काही गोष्टी लक्षात ठेवा, कारण रंगकामाची बहुतेक पाठ्यपुस्तकं गोऱ्या अंगावर लिहिलेली आहेत. गडद अंगावर चकाकीचे ठिपके जास्त उठून दिसतात आणि ते उजेडाचाच रंग घेतात. पडवीत ते आकाशाचे, निळसर असतात. सगळ्यांत रसरशीत रंग बहुधा लख्ख उजेडात नसतो. उजेड आणि सावली जिथे भेटतात त्या पट्ट्यात तो सापडतो. कोपर, गुडघे आणि बोटांची पेरं राखाडीकडे झुकतात, तळहात गुलाबी-पिवळट राहतो. कानाच्या पाळीतून उजेड आरपार गेला तर ती आतून लाल होते.

आणि एक गोष्ट तळमळीने सांगायची आहे. सावळ्या रंगात नुसता पांढरा मिसळून उजेड दाखवला तर रंग थंड होतो, त्यातला जीव जातो आणि अंगाला खडूची भुकटी फासल्यासारखं दिसतं. जाणकार त्याला 'चॉकी' म्हणतात. सावळ्या अंगावरचा उजेड चढवताना पांढऱ्यासोबत पिवळा, नारिंगी किंवा लाल द्यावाच लागतो. काही चित्रकार तंत्र येत असूनही माणसाला दोन छटा गोरं करतात, विकलं जावं म्हणून. मला हे पटत नाही. उन्हात राबणाऱ्या कोकणी माणसाचा रंग हा या चित्रकलेचा सर्वांत श्रीमंत विषय आहे. तो जसाच्या तसा रंगवणाऱ्याची दाद आपण मोकळेपणाने द्यायला हवी.

चौथी पायरी: पॅलेटचा अंदाज

किती रंग वापरले असतील, हा अंदाज बांधून पाहा. स्वीडनचे चित्रकार अँडर्स झॉर्न (१८६०–१९२०) यांच्या नावाने ओळखलं जाणारं पॅलेट चारच रंगांचं आहे: पिवळी माती म्हणजे यलो ऑकर, व्हर्मिलियन लाल, आयव्हरी ब्लॅक आणि पांढरा. काळ्यात पांढरा मिसळला की उबदार रंगांशेजारी तो निळा भासतो, पिवळ्या मातीत काळा मिसळला की ऑलिव्ह हिरवा होतो. आजही अनेक चित्रकार व्यक्तिचित्र याच चौघांवर काढतात, कारण मोजक्या रंगांतून आलेल्या सगळ्या छटा एका घरच्या वाटतात.

आपल्या चित्रातलं गर्द हिरवं लुगडं या चौघांतून येणार नाही, तिथे निळा किंवा तयार हिरवा लागलेला असणार. मग पाहायचं की तो हिरवा चित्रात एकटा पडला आहे की इतरत्रही पोचला आहे. दंडाच्या आतल्या बाजूला, ताटलीच्या कडेला, मानेच्या सावलीत तो कणभर सापडला तर चित्र एकसंध झालेलं असतं.

पाचवी पायरी: जवळून, अगदी जवळून

आता हातभर अंतरावर या. बोट लावू नका, श्वाससुद्धा चित्रावर सोडू नका. समोरून पाहून झालं की एका बाजूला सरका आणि पृष्ठभाग तिरका पाहा. रंगाचे उंचवटे, ब्रशच्या केसांच्या रेषा, चाकूने सपाट केलेले तुकडे असं सगळं वर येतं.

प्रश्न असा: हे चित्र एका दमात, ओल्यावर ओला रंग लावून काढलं आहे की थरांवर थर चढवून?

ओल्यावर ओलं काम ओळखायची खूण म्हणजे फटकाऱ्यांच्या सीमेवर दोन रंग एकमेकांत ओढले गेलेले दिसतात. गालावरून गेलेला ब्रश वाटेत सावलीचा थोडा रंग उचलून नेतो. एकेक फटकारा वेगळा मोजता येतो आणि तो आकाराच्या वळणाने गेलेला असतो: गालावर गोल, नाकावर खाली, लुगड्याच्या निऱ्यांवर लांब. आपल्याकडे जाहीर व्यक्तिचित्रणाची प्रात्यक्षिकं होतात. समोर माणूस बसवून दोन-तीन तासांत चित्र पुरं करतात, ते याच पद्धतीने. जवळपास असं प्रात्यक्षिक असेल तर सोडू नका, आणि सुरुवातीलाच जाऊन बसा. पहिल्या वीस मिनिटांत चित्रकार डोळे-नाक काढत नाही, मोठे टोन लावतो, हे एकदा पाहिलं की पहिली पायरी कायमची लक्षात राहते.

थरांच्या कामात आधी तपकिरी किंवा राखाडी रंगात सगळा छायाप्रकाश रंगवून वाळवतात. त्यावर रंग येतात. पारदर्शक रंग तेलात पातळ करून पसरला की त्याला ग्लेझ म्हणतात. उजेड त्यातून आत जातो, खालच्या थरावर आपटून परत येतो, म्हणून सावलीला आतून खोली येते. याच्या उलट काम स्कंबलचं: कोरडसर ब्रशवर थोडा उजळ, अपारदर्शक रंग घेऊन वाळलेल्या गडद थरावर हलकेच घासायचा. गडदावर बसलेला उजळ पातळ थर निळसर दिसतो, जसा काळोख्या दारासमोरून जाणारा चुलीचा धूर निळा दिसतो. दोन्हींमागचं कारण एकच आहे, बारीक कणांवरून निळा उजेड जास्त विखुरतो. आपल्या बाईच्या हाताला चोळलेली राख रंगवायला याहून नेमकं तंत्र सापडणार नाही.

उत्तम तैलचित्रात सावल्या बहुधा पातळ आणि उजेड जाड असतो. जाड रंगावर खोलीतला उजेड खराच चमकतो, पातळ सावली मागे राहते. तिरकं पाहताना हे तपासा. सगळा कॅनव्हास एकसारख्या जाडीचा असेल तर चित्रकाराने माध्यमाचा एक मोठा गुण वापरलेला नाही.

तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, त्यातलं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. म्हणून खालच्या थरांत तेल कमी, वरच्या थरांत जास्त हा नियम पाळावा लागतो. तो मोडला तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा हलत राहतो आणि भेगा पडतात. नव्या चित्रातच बारीक भेगा दिसल्या तर हे एक कारण असू शकतं.

सहावी पायरी: कडा

रंगाबद्दल सगळे बोलतात, कडांबद्दल फारसं कोणी बोलत नाही. डोळ्यांनी बाईची बाह्यरेषा गिरवत जा. उजळ गाल आणि काळोखं दार यांच्यामधली कड टोकदार आहे. तीच रेषा केसांवर चढली की हरवते, कारण केस काळे आणि दारही काळं. अंबाडा कुठे संपतो आणि माजघर कुठे सुरू होतं ते रंगवलेलंच नाही, तरी आपल्याला अंबाडा पूर्ण दिसतो. पाठीकडचा पदर सावलीत विरतो. आणि मग हाताशी, सुरीच्या पात्याशी कड पुन्हा लख्ख होते.

चित्रात टोकदार कडा कुठे आहेत त्या मोजा. फार नसाव्यात. जिथे त्या आहेत तिथे आपण पाहावं अशी चित्रकाराची इच्छा आहे. सगळ्या कडा सारख्याच धारदार असतील तर आकृती कात्रीने कापून चिकटवल्यासारखी दिसते.

सातवी पायरी: हात

चेहरा चांगला जमला म्हणून चित्र चांगलं असं मी मानत नाही. आधी हात पाहतो. चेहऱ्याचं साम्य सरावाने साधता येतं. हातात मात्र रचना, वजन, काम आणि वय एकदम दाखवावं लागतं.

आपल्या बाईचा डावा अंगठा बी दाबून धरतो आहे. दाबामुळे नखाचा पुढचा भाग फिका पडला आहे आणि नखाचं मूळ रक्त साचून लालसर झालं आहे. हा फरक तांदळाएवढ्या जागेतला, दोनच फटकाऱ्यांचा. पण तो नसता तर बी अधांतरी राहिली असती. तर्जनीचं टोक चिकाने काळं आहे. हा काळा रंग ट्यूबमधला सरळ काळा असेल तर तिथे भोक पडल्यासारखं दिसेल. जाणता चित्रकार गडद तपकिरी आणि निळा मिसळून तो करतो, म्हणजे काळेपणातही बोटाचा गोलवा राहतो आणि कडेला त्वचेचा लालपणा डोकावतो. पेरांच्या सुरकुत्यांत राख अडकली आहे, तिथे कोरडा ब्रश नुसता टेकवून उचलला आहे. आणि उजव्या हाताची करंगळी? ती एका फटकाऱ्यात संपवली आहे, नखसुद्धा नाही. ती सुरीमागे आहे, तिकडे आपली नजर जाऊ नये म्हणून.

बोटं तळहाताला आणि तळहात मनगटाला नीट जोडला आहे का, कोपरापर्यंत हाताची वळणं ओघाने जातात का, तेही पाहून घ्या.

आठवी पायरी: फोटोवरून काढलंय का?

फोटोचा आधार घेणं पाप नाही. खूप चांगले चित्रकार तो घेतात. पण फोटोची गुलामी झाली की खुणा राहतात: सावल्या एकदम काळ्या, त्यांत काहीच दिसत नाही, बाहेरचं खळं नुसतं पांढरं, पुढची टोपली आणि मागची खुंटी सारख्याच बारकाईने रंगवलेल्या, मोबाइलच्या भिंगामुळे पुढे आलेला गुडघा डोक्यापेक्षा मोठा. पडवीत प्रत्यक्ष बसलेल्या माणसाच्या डोळ्यांना काळोख्या दारातही काहीतरी दिसतं, एखादी पितळी कळशी, भिंतीचा ओला तपकिरी. त्या दारातल्या काळोखात तुम्हाला दोन-तीन वेगळे गडद रंग सापडले तर चित्रकार तिथे बसलेला होता.

नववी पायरी: हवेने केलेलं काम वेगळं काढा

आपल्याकडची दमट, खारी हवा चित्रांवर काम करत राहते. कॅनव्हास पावसाळ्यात सैल पडतो, कोपऱ्यांत लाटा दिसतात. जलरंगाच्या कागदावर बुरशीचे तपकिरी ठिपके उठतात. जुनं व्हार्निश पिवळं पडतं, मग निळे हिरवे दिसतात आणि पांढरे लोण्यासारखे. जुन्या घरातलं किंवा संस्थेतलं चित्र पाहताना हा पिवळेपणा चित्रकाराच्या नावावर टाकू नका. फ्रेमच्या आत झाकलेली कड दिसत असेल तर तिथला रंग मूळचा, त्याच्याशी ताडून पाहा. चित्र घरी असेल तर बाहेरच्या ओल्या भिंतीला टेकवू नका, मागे हवा खेळेल इतकी फट ठेवा, आणि ओल्या फडक्याने कधीही पुसू नका.

कुठे पाहायचं

ही परंपरा कोकणाला परकी नाही. सा. ल. हळदणकर (१८८२–१९६८) सावंतवाडीचे. हातातल्या दिव्याच्या उजेडात उभी असलेली त्यांची तरुणी, 'ग्लो ऑफ होप', म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. तिच्यासाठी त्यांची मुलगी समोर उभी राहिली होती. ते चित्र जलरंगातलं आहे, हे ऐकून अनेकांना धक्का बसतो. जलरंगात चूक झाकायला जाड रंग चढवता येत नाही, उजेड आधीच राखून ठेवावा लागतो. तिथे जाणं झालं तर दिव्याच्या उजेडाने बोटांच्या कडा कशा पेटतात तेवढंच आधी पाहा, आणि मग त्या उबदार उजेडाला तोलणारा बाकीचा थंड काळोख.

अँतोनियो शाव्हियर त्रिंदाद (१८७०–१९३५) मूळचे गोव्याचे, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि तिथेच शिकवलं. त्यांच्या चित्रांचा संग्रह पणजीत फुंदासांव ओरिएंते या संस्थेकडे आहे. घरातल्या माणसांची त्यांची चित्रं पाचव्या आणि सहाव्या पायरीसाठी उत्तम शाळा आहेत. जाण्याआधी वेळ विचारून घ्या.

आजचं काम पाहायचं तर चिपळूण तालुक्यातल्या सावर्ड्याचं सह्याद्री स्कूल ऑफ आर्ट जवळ आहे. अशा कलाशाळांतलं विद्यार्थ्यांचं काम मुद्दाम पाहा, कारण तिथे चुका उघड असतात आणि चुकांतून तंत्र लवकर समजतं. मुंबईला गेलात तर १९५२ पासून चालू असलेली जहांगीर आर्ट गॅलरी आहेच. आणि वासुदेव कामत यांचं काम कुठे लागलं असेल तर वाट वाकडी करून जा. पत्नीच्या व्यक्तिचित्रासाठी त्यांना २००६ मध्ये पोर्ट्रेट सोसायटी ऑफ अमेरिकेचा ड्रेपर ग्रँड प्राइझ मिळाला.

शेवटची पायरी: वही आणि दोन प्रश्न

निघण्यापूर्वी वहीत आगपेटीएवढा चौकोन काढा आणि चित्रातले फक्त तीन टोन भरा: पांढरा, राखाडी, काळा. डोळे-नाक काढू नका. शेजारी लिहा: उजेड कुठून, सावली थंड की उबदार, सर्वांत टोकदार कड कुठे. पाच मिनिटांचं काम आहे, पण चित्र त्यानंतर वर्षभर आठवतं.

चित्रकार तिथे असेल तर "किती दिवस लागले?" आणि "किंमत किती?" हे त्याने दिवसभर ऐकलेलं असतं. त्याऐवजी विचारा, "यातला कुठला भाग तुम्ही खरवडून परत केलात?" आणि "सगळ्यांत शेवटी ब्रश कुठे लावलात?" बहुतेक चित्रकार लगेच तुम्हाला हाताला धरून चित्राजवळ नेतात आणि एखाद्या बोटावर, एखाद्या कडेवर नेमकं दाखवतात. तिथे दाखवलेलं नीट पाहून घ्या, आणि मग परत दहा फूट मागे जाऊन तोच ठिपका लांबून काय करतो ते पाहा.